मोजणी

वीस मिनिटं. होडीत कुणी बोलायचं नाही.
आमेझॉनच्या पुरानं मागे सोडलेलं हे तळं,
आणि पिरारुकूला वर यावंच लागतं:
माशाच्या जातीला न शोभणारी
ही हवेची तहान.

देउसदेते डोळे मिटून ऐकतो.
धप्प. हा मोठा, जुना, शेपटीकडे लाल.
चुळुक. हे पोर, वल्ह्याएवढंही नाही,
त्याची रेघ वेगळ्या रकान्यात.

बापाच्या काळात इथे नऊ उरले होते.
त्यातले दोन मीच मारले, तो सांगतो,
लपवत नाही.
गेल्या साली चारशे बारा.

यंदा पलीकडच्या होडीत त्याची मुलगी, इरासिल्दा.
त्याच पाण्यावर तिच्या वहीत सदतीस,
त्याच्या एकोणतीस.
ती काही म्हणत नाही. वल्हं उचलते.

सांजेला मासळी खाताना तोच म्हणाला,
डावा कान नदीनं परत घेतला बहुतेक.
मग पेन्सिल चाकूनं तासली
आणि वहीसकट तिच्याकडे सरकवली.

रात्री झुल्यात तो घोरतो.
घोरता घोरता थांबतो.
बराच वेळ काहीच नाही,
ती अंधारात उठून बसलेली.

धप्प.
आला वर.