दार्दारा

बिशेन्ते ओतावेगी मेंढ्या राखतो, चीज करतो,
आणि रविवारी बहिणीसोबत
लाकडी फळ्यांवर चालापार्ता वाजवतो.
एकानं ठोका द्यायचा, दुसऱ्यानं मधली फट भरायची.
गुरुत्से फटी भरते. चाळीस वर्षं झाली.

मार्चमध्ये तिला फटीत तिसराच कुणी सापडला.

"दोनदा मारलंस."
"एकदाच."
"मग दुसरा कुणाचा?"
त्यानं उजवा हात खिशात घातला.
खिशातल्या किल्ल्या वाजायला लागल्या.

दोनोस्तियाच्या दवाखान्यात मी रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावते.
त्याच्या चिठ्ठीवर गाव होतं अस्पेइतिया,
आणि माझा हात जरा रेंगाळला.
उरोला नदीच्या खोऱ्यात एक चुकलेलं अक्षर
पिढ्यान् पिढ्या उतरत आलंय.
कुठल्याच वाटणीपत्रात त्याची नोंद नाही.

डॉक्टर ओइआना समजावू लागली,
किनेज म्हणजे काय, फॉस्फेट कसं चिकटवतं.
तो म्हणाला, "म्हणजे रंग लावणारा.
आम्ही मेंढीच्या पाठीवर हिरवा पट्टा ओढतो,
की पट्टेवाली वरच्या कुरणात जाते."
"तसंच. फक्त तुमचा हा थांबत नाही."
"सगळ्यांनाच पट्टा?"
"नको तितक्यांना."
"मग फाटकात खोळंबा. खाली शेणाचा ढीग, उपसायला कुणी नाही."
ओइआनानं पेन खाली ठेवलं.

"वाईट नाही म्हणा तो," बिशेन्ते म्हणाला, "कामसू आहे.
आमचा बाप असाच.
शेवटी शेवटी कप दोन्ही हातांनी धरायचा,
आम्हाला वाटे, थंडी."

या प्रथिनाचं एक नाव त्यांच्याच भाषेतून आलंय, दार्दारिन.
दार्दारा म्हणजे कंप.
माझ्या भाषेत घाम दरदरून फुटतो.
नातं काही नाही. तरी चिठ्ठी लावताना
दोन्ही शब्द तोंडात आले.

गुरुत्सेची नळी आलीच नाही.
"अक्षर असलं तरी प्रत्येकात ते बोलतंच असं नाही ना?
मग झोपू दे."

तो आता चाचणीत आहे.
रोज एक गोळी, रंगाऱ्याचा हात धरणारी
किंवा नुसती साखरेची.
कुठली, ते ओइआनालाही ठाऊक नाही.

परवा रविवारी गेले होते.
चालापार्तात एका बाजूचं नाव एर्रेना, लंगडा.
आजवर ती बाजू गुरुत्सेची होती.
तिनं न विचारता जागा बदलली,
सरळ ठोका स्वतःकडे घेतला,
आणि मधे जरा जास्तच फट सोडली.

कुंपणापाशी एक मेंढी उभी होती,
पाठीवर दोन पट्टे.
कुणी लावला दुसरा, कुणालाच आठवेना.