कुठला सूर्य

सोहारच्या बंदरात माझी केबिन चाळीस मीटरवर,
पायाखालीसुद्धा काच.
सातला समुद्र चकाकायला लागतो
आणि उजव्या भुवईच्या वर
कुणीतरी खिळा टेकवून ठेवतं.
ठोकत नाही. नुसता टेकवतं.
ठोकायचं काम ऊन करतं, सावकाश,
बारापर्यंत.

अर्धशिशी.
लहानपणी मला वाटायचं ही औषधाची बाटली असणार,
निम्मी कुणीतरी पिऊन ठेवलेली.
कंपनीचा डॉक्टर म्हणाला, पाणी किती पितोस?
मी खोटं सांगितलं.
वर पाणी प्यायलं की खाली उतरावं लागतं,
आणि खाली ट्रकांची रांग
भोंगे वाजवत उभी असते.

आमच्या खोलीत प्रत्येकाला एक आई आहे
आणि प्रत्येक आईकडे डोक्याचं एक औषध.
बिजूची आई रास्नादी चूर्ण पाठवते,
अंघोळ झाली की चिमूटभर टाळूवर चोळायचं,
पाणी डोक्यात मुरत नाही म्हणे.
चोळलं.
चार दिवस माझ्या हेल्मेटला
देवघराच्या कोनाड्याचा वास.

शेरजानची आई वारली.
तरी तो तिच्यासारखंच फडकं आवळतो कपाळाला,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर,
आणि मग एकदम सोडतो.
सोडल्यावर जे वाटतं
त्याला तो गुण म्हणतो.
मी म्हटलं, शेरजान, हा तर सेल झाला,
आधी भाव चढवायचा,
मग मूळ किमतीला द्यायचं.
तो म्हणाला, पण घेतलास ना?

खल्फान, आमचा सुपरवायझर, एरवी हजेरीपुरतं बोलणारा,
एका पहाटे बाटली घेऊन आला.
रात्रभर भिजवलेला धोफारचा लोबान,
पाणी दुधाळ, चव झाडाच्या जखमेची.
आईनं सांगितलंय, उपाशीपोटी घे,
आणि रागात असताना पिऊ नकोस.
रागात असताना पिऊ नकोस!
मला तीनदा बाटली खाली ठेवावी लागली.

शालनला हे सगळं फोनवर सांगितलं
तर तिनं वैद्यकी एका वाक्यात संपवली:
सूर्य उगवायच्या आत जिलबी आणि दूध,
आमच्या तात्यांची गेली तीन दिवसांत.

कुठला सूर्य? मी विचारलं.
ती गप्प.
तुझ्याकडचा पाऊण तास आधी येतो, मी म्हटलं,
तुझं अंगण झालं की मग समुद्र ओलांडून
माझ्या अंगावर.
तिकडून निघाला की कळव.
मी थट्टेत म्हटलं होतं.

तिनं खरंच फोन केला.
साडेचार. खोली घोरत होती.
रात्री लाहोरी हलवायाकडून आणलेली जिलबी
गार, पिचकलेली, कागदाला चिकटून बसलेली.
दूध पावडरचं.
जिन्यावर बसलो, फोन पायरीवर ठेवला,
कारण हात पाकानं भरलेले.

निघाला बघ, ती म्हणाली,
गिरणीच्या पत्र्यावर आलाय, खा लवकर.
मी खात होतो.
ती सांगत होती की थोरल्याच्या बुटांचे तळवे गेलेत,
की म्हैस पान्हवत नाही,
की गिरणीवाल्यानं नवा पट्टा बसवलाय, ऐक,
आणि खरंच मागे
पट्टा फिरायला लागल्याचा आवाज.
मी बराच वेळ तो ऐकला.
दूध संपलं होतं.
समुद्राच्या कडेला अजून काही नव्हतं,
मग एक रेघ होती.

केबिनमध्ये चढलो. सात वाजले.
मी भुवई पुढे करून बसलो,
परीक्षेला बसावं तसा.
खिळा आला
सात वाजून दहा मिनिटांनी.

रात्री सांगितलं,
वाटलं हसेल.
दहा मिनिटं? ती म्हणाली,
आणि जरा थांबून,
उद्या मग चारलाच उठवते.