पहिल्या आठवड्यात फक्त उजवा गाल

मे महिन्यात नागपुरात
दाढीला पाणी तापवावं लागत नाही.
गच्चीवरची टाकी ते काम फुकटात करते,
सकाळी सातलाच नळ बोटं भाजतो.

चौतीस वर्षं मोतीबागेच्या वर्कशॉपात लेथवर उभा होतो.
पोलादाची धार नखावर टेकवून सांगतो,
आणि टूल बोथट व्हायला लागलं
की आधी कानाला कळायचं, मग डोळ्याला.
हे सगळं लक्षणेला ऐकवलं.
तो एका पोराच्या मानेवर पावडर मारत होता.
म्हणाला, "लोखंड दचकत नाही न भाऊ.
गाल दचकते."

त्याचं दुकान सक्करदऱ्याला, दोन खुर्च्यांचं.
तो स्वतः आता अर्धी ब्लेड मोडून लावतो,
गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतो.
बापाचा वस्तरा मात्र धोकटीत तसाच,
काळ्या शिंगाच्या मुठीचा,
तेल लावून, फडक्यात.
विकत मागितला तर मान हलवली.
"वापर. सोडशीन तवा आणून देजो."

आधी नुसता पट्टा.
चामडं खिडकीच्या गजाला बांधायचं, ताठ.
पाठ पुढं, धार मागून,
टोकाशी आलं की पाठीवरच पलटायचं.
धारेवर पलटलास तर चामडं गेलं.
गेलं. पहिल्याच दिवशी, बोटभर.
कुमुद दारातून म्हणाली,
"पेन्शनीत हेच करायचं राहिलं होतं काय?"

मग फुगे. नातीच्या वाढदिवसाचे उरलेले.
फेस लावायचा आणि फेस तेवढा उतरवायचा.
अकरा फुटले.
शेजारच्या मेश्रामांनी भिंतीवर थाप मारली.
बारावा टिकला,
निळा, जरा मऊ पडलेला.
नात मागत होती, दिला नाही.
दोन दिवस कपाटावर ठेवून येता-जाता पाहत होतो.

आणि सोमवारी गाल.
उजवाच. बाकी चेहरा जुन्या प्लास्टिकच्या रेझरनं.
डाव्या हातानं डोक्यावरून कान गाठायचा,
कातडी वर ओढायची,
पाठीखाली दोन नाणी मावतील एवढीच फट.
हात रेटायला बघतो. सवय.
लेथवर कट घ्यायचा म्हणजे रेटायचंच,
इथे रेटलं की लाल रेघ,
तुरटी,
आणि तुरटीची ती शिवी देण्याजोगी आग.

एकसष्ट वर्षं हे तोंड धुतो आहे.
जबड्याखाली केस भोवऱ्यासारखे फिरतात,
अर्धे वर, अर्धे कानाकडे,
हे या बुधवारी कळलं.
एकोणनव्वद साली उडालेल्या छिलक्याचा व्रण
मी डोळ्याशेजारी समजत होतो.
तो चांगला दोन बोटं खाली आहे.
की तोच उतरला एवढ्या वर्षांत, कातडीबरोबर?

शुक्रवारी ऐन जबड्याच्या वळणावर लाईन गेली.
कूलर घरघरत थांबला.
मोरीच्या खिडकीतून होता तेवढा उजेड,
वस्तरा गालावर, हात जागीच.
मग हळूच खाली घेतला
आणि तो आवाज आला.
बारीक, कोरडा,
वाळल्या गवतातून कुणी बेतानं चालावं तसा.
कान तर वर्कशॉपनं कधीच अर्धे खाल्लेत.
तो जबड्याच्या हाडातून आला असेल.
धार बरोबर आहे, असं म्हणत होता.
मी तसाच उभा राहिलो, घाम पुसायचा सोडून,
आणि पुन्हा एकदा,
कापायला काही उरलं नव्हतं तरी,
हलकेच फिरवला.

दार वाजलं. बेल बंद, म्हणून थापा.
कुमुद बाजारात.
फेसासकट गेलो. सिलिंडरवाला.
पावतीवर सही घेताना माझ्याकडे पाहून म्हणाला,
"काका, एक बाजू राह्यली तुमची."

राहू दे म्हटलं.
तिचा सोमवार अजून यायचाय.