अठरा घरांचं ऊन

एकतीस वर्षं मी लोकांची मीटरं वाचली.
सक्करदरा, नंदनवन, हुडकेश्वरची शेवटची वळणं,
जिन्याखाली, चपलांच्या ढिगामागे,
कुत्र्याच्या साखळीच्या जेमतेम अलीकडे,
टॉर्च दातांत धरून आकडे उतरवले.
दारोदारी एकच प्रश्न:
"इतकं बिल काहून आलं जी?"
मी म्हणायचो, मी फक्त वाचतो, लिहीत नाही.

आता बिल माझ्या दारात येतं
आणि मला ते वाचता येतं, हीच पंचाईत.
स्थिर आकार: तुम्ही महिनाभर गावी असलात तरी
तार दारापर्यंत आली होती, तिचा मान.
वहन आकार: ती चालत आली, तिची हमाली.
इंधन समायोजन: कोळसा महाग पडला, तो फरक,
लग्नानंतर सहा महिन्यांनी
मंडपवाल्यानं आणलेल्या हिशेबासारखा.
मग वीज शुल्क, सगळ्यावर सरकारचा हात.
आणि टप्पे. शंभरापर्यंत युनिट गरीब असतं,
तीनशेच्या पुढे एकदम श्रीमंत होतं.
आपण नाही होत.

मे महिन्यात नागपुरात तीनशे युनिट ही चैन नव्हे.
सेहेचाळीस डिग्री. कूलर, त्याचा पंप,
बाळंतिणीच्या खोलीत आणखी एक कूलर.
माझी बहीण खापरखेड्याला असते.
सकाळी वाळत घातलेला पांढरा दुपट्टा
संध्याकाळी करडा उतरवते.
"राख अंगणात फुकट पडते दादा," म्हणते,
"वीज तेवढी विकत."
या वाक्याला बिलावर रकाना नाही.

सोसायटीच्या सभेत यामिनी धकाते उठल्या.
पतसंस्थेत हिशेब पाहतात, आवाज कधी चढत नाही.
"छत कोणाचं?"
खालचे म्हणाले, वरच्या मजल्यावाल्यांचं.
"आणि गळते तेव्हा?"
वरचे म्हणाले, सगळ्यांचं.
"मग ऊनही सगळ्यांचंच पडत असंल."

पंचवीस हजार आधी, बाकी हप्त्यानं.
टेकाम ऑटो चालवतो, त्यानं पाचशेच्या नोटा
चार महिने थोड्या थोड्या आणून दिल्या.
लांजेवारांनी आधी वास्तू पाहिली.
कंपनीच्या कचेरीत सात चकरा;
तिथं माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरानं
मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं असावं.

स्वस्त झालं का?
माझं एकोणतीसशेचं बिल अकराशेवर आलं.
स्थिर आकार मात्र घरजावयासारखा
जिथल्या तिथं बसून आहे.
सूर्य बुडाला की आम्ही पुन्हा कोराडीचेच.
पाटे आठवड्यातून एकदा धुवावे लागतात,
लांजेवारांची पाळी आली की त्यांची कंबर धरते.
मुगवड्या कुठं वाळवायच्या, यावर दोन बायका
दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत.
मग पाट्यांच्या दोन रांगांमधल्या पट्टीत
एकीनं चादर अंथरली, दुसरीनं कडेला वीट ठेवली.

आणि अकरा नंबरचा रोशन उके, भाडेकरू.
वाटा घरमालकाचा, घरमालक पुण्यात.
बिल अठराशेनं उतरलं,
भाडं दोन हजारांनी चढलं.
कागदावर त्याच्या नावाचं ऊन नाही.
यामिनीताईंनी पुण्याला दोनदा पत्र लिहिलं.

मी रोज सहाला छतावर जातो, जुनी खोड.
कालचा आकडा वहीत उतरवतो: एकशे चार.
ढगाळ असलं तर एकेचाळीस.
जिन्यात कोणीतरी थांबवतंच,
"काल किती झाली जी?"
इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

रविवारी बादली घेऊन आधी वर येतो तो रोशन.
म्हटलं, काहून बावा? तुझा त वाटाच नाही.
काचेवरची बारीक राख बोटानं पुसत म्हणाला,
"फॅन त माझाच फिरते ना काका."

मी वही उघडली.
यावर काय लिहायचं,
कळलं नाही. तारीख टाकून ठेवली.