कोरा फिल्टर

मुलाखतीत विचारतात, या क्षेत्राकडे कशा वळलात?
वळले नाही. बारावीला मेडिकल साडेतीन मार्कांनी हुकलं,
रसायनशास्त्र उरलं होतं, ते घेतलं.
मग भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात चार वर्षं
पांढऱ्याचे सतरा प्रकार तपासत बसले.
नाकासमोर चालणाऱ्या माणसाचा हा रस्ता नव्हे,
जरी पुढे सगळं नाकाशीच येऊन ठेपलं.

वडाळ्याला वेलजीभाईंच्या गिरणीत बाबा दळण दळायचे.
घरी यायचे ते पांढऱ्या पापण्यांनी,
कानाच्या पाळीमागे ज्वारी.
आई म्हणायची, आधी बाहेर झटका.
ते झटकायचे. पीठ खाली पडायचं.
पण जिन्यातल्या उन्हाच्या तिरिपीत
काही कण पडायचेच नाहीत.
मला ते सुंदर वाटायचे.
एवढं मुलाखतीत सांगत नाही.

लोबो मॅडमची जाहिरात होती: प्रकल्प सहायक, अकरा महिने,
शिडीवर चढता आलं पाहिजे.
मला चढता यायचं.

गोवंडीतल्या म्युनिसिपल शाळेची गच्ची,
समोर कचऱ्याचा डोंगर, रात्री कडेकडेनं धुमसणारा.
पंप घरघरायचा थेट गिरणीसारखा,
फक्त हा आधीच दळलेलं ओढून घ्यायचा.
आत चाळण्यांची उतरंड:
जाड कण वर अडतो, बारीक खाली,
अतिबारीक त्याच्याही खाली.
मैदा सगळ्यात खोल जातो, मी म्हणाले.
मॅडम हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.

चोवीस तासांनी फिल्टर काढायचा,
कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाएवढा.
ठेवताना दुधासारखा, काढताना तव्याच्या बुडासारखा.
शफीक वॉचमन विचारायचा, आज कितना?
मी आकडा सांगायचे. तो छातीवर हात ठेवायचा,
तोलून बघतोय असा.

प्रत्येक खेपेला एक फिल्टर कोरा न्यायचा.
डबी उघडायची, मिटायची, हवा ओढायची नाही.
परत आणून वजन करायचं. तरी किंचित भरतोच.
तेवढं बाकीच्यांतून वजा करायचं, हा नियम.

बाबा गेले त्याच वर्षी माझा पहिला शोधनिबंध छापून आला.
त्याआधी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला होता.
तीच तिरीप.
निबंधात डिझेल होतं, समुद्राचं मीठ होतं,
जळालेलं प्लास्टिक होतं.
पीठ नव्हतं.

आता हाताखाली सहा मुलं आहेत.
वैदेही काल म्हणाली, मॅडम, कोऱ्याचं वजन यंदा फार येतंय,
डबीला गळती असेल.
बघ, म्हटलं.
तिनं तीनदा तपासली.
गळती नव्हती.