चोवीस तास

उदगीरहून पहाटेची एसटी, मग लातूर, बार्शी रोड.
काउंटरवरचं पोरगं म्हणालं, मामा,
नुसता पेट स्कॅन पॉलिसीत बसत नाही.
ॲडमिट करा, चोवीस तास,
मग बसतो.

तर शिवकांता ॲडमिट झाली.
आपल्या पायानं जिना चढून, डब्याची पिशवी हातात,
खाटेच्या कडेला टेकली
परक्याच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसावं तशी.

शेजारी अहमदपूरची म्हातारी, ऑक्सिजनवर.
तिची सून तीन रात्री फरशीवर.
बाराला जाग आली तर
सून आमच्या खाटेवर घोरत होती
आणि ही खाली, चटईवर.
"मला काय झालंय माय, कागदापुरती तर आजारी."
सिस्टर धावत आली:
ओ मावशी, वर झोपा!
ते फोटो मागतात, खाटेवरचा!

सकाळी साखरेचं इंजेक्शन.
डॉक्टर म्हणाले, गाठ हावरी असते,
साखर आली की आधी तीच झडप घालते,
खाताना उजळते, तिथंच सापडते.
शिवकांता हसली,
"आमच्या बचत गटात हाय की अशी एक."

उजळली.
दोन ठिकाणी.
एक आम्हाला माहीत होतं.

नवव्या दिवशी कंपनीचं पत्र:
रुग्ण चालत-फिरत असताना
दाखल करण्याचे कारण काय?

गॅरेज बंद करून, रॉकेलनं बोटं धुऊन
लिहायला घेतलं.
कारणाच्या रकान्यात दोनच ओळी.
पहिलीत तिचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.
दुसरीत
काहीच बसत नाही.