हात पोचेल तिथं

ब्रेक दाबला, आणि पाय अर्ध्यावर अडला.
बोरीची उतरण, खाली जुवारीचा पूल,
पुढं सोडणांनी गच्च भरलेला टेम्पो,
आणि पेडलच्या मागं आडवं पडलेलं
ते लाल नळकांडं,
जे मी आग लागलीच तर म्हणून घेतलं होतं.

हँडब्रेक ओढला. गाडी तिरकी झाली,
चिऱ्यांच्या गडग्याला दिवा घासत थांबली.
टेम्पो आपल्या वाटेनं पूल चढला,
त्याला काहीच कळलं नाही.
वाकून ते बाहेर काढलं, मांडीवर घेतलं.
थंड. काटा हिरव्यात.
त्याच्यात कसलाच दोष नव्हता.

दोन वर्षं ते माझ्या सीटखाली होतं
जुन्या टॉवेलात गुंडाळून.
वळणावर घरंगळायचं, पुन्हा जागेवर यायचं,
आणि त्या आवाजाची मला सवय झाली होती,
शेजारघरच्या खोकल्याची होते तशी.

ढवळीला कायतान मेस्तच्या गॅरेजात
हे सांगितलं, तर तो हसला नाही.
चिंधीला हात पुसले,
मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं,
पट्टा लावायला लावला.
"दोळे धांप, बाय. हात खंय पावता?"
हात चाचपडत गेला गिअरच्या पलीकडं;
शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेशी बोटं टेकली
तिथं त्यानं खडूनं रेघ मारली.
मग मला खाली उतरवलं.
"आतां भायल्यान."
दारातून वाकले. पुन्हा रेघ.
दोन रेघा जिथं भेटल्या ती जागा
मी इतकी वर्षं फक्त पाय पुसायला वापरली होती.

डिकीत नको का, मी विचारलं.
तो गाडीखाली शिरला होता;
पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघितल्याशिवाय
तो भोक पाडत नाही.
तिथूनच बोलला, मला नुसते पाय दिसत होते.
लग्नाहून येताना भावाची गाडी पेटली, कुडतरीजवळ.
सिलिंडर डिकीत. त्याच्यावर दोन सुटकेसी,
दोदोलचा डबा, कोणाची तरी व्हायोलिनची पेटी.
"पयलीं डबो काडलो," तो म्हणाला,
"मागीर सुटकेस."
मग बराच वेळ फक्त ड्रिल.
भाऊ आहे, तो ड्रिल थांबल्यावर म्हणाला. गाडी नाही.

सोबत आलेली प्लास्टिकची पकड त्यानं न बोलता
तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकली.
लोखंडी पट्टी, रुंद वायसर, नवे बोल्ट.
दोन किलो हे उभ्या गाडीचं वजन,
आदळताना ते दोन किलो राहत नाही, म्हणाला.
आडवं बसवलं, पिन माझ्या हाताकडं,
काटा वर, वाचता येईल असा.
मग सीटला पाय लावून हिसडलं.
गाडी हलली. ते नाही.

आता सासूबाई शेजारी बसतात
त्या पाय आखडून,
जणू खाली कोणी निजलंय.
मे महिन्यात मी सावली शोधून गाडी लावते
(फणसाखालची सोडून),
आणि महिन्यातून एकदा पट्टी उघडून
ते उलटं धरते, बुडाला थापट्या मारते.
आत पावडर बसलेली असते.
आधी काहीच नाही,
मग सरकते,
वाळूचा ढीग पायाखाली सुटावा तशी.

नवरा म्हणतो, इतकी वर्षं काही झालं का?
नाही झालं.
गडग्यावर घासलेला दिवाही बदलला,
खडूच्या रेघा चपलांनी केव्हाच गेल्या.
पण कधी कधी रात्री दारात गाडी लावली की
इंजिन बंद करते, पट्टा तसाच ठेवते,
डोळे मिटते.
हात जातो.
असतं.